उस्तऱ्याची खीळ

मोहाडी, ६ नोव्हेंबर

॥ पितृचरणाः पक्षाघातेन शय्यां गताः। वाक् लुप्ता। शीघ्रम् आगच्छ ॥

चि. प्रविण यास इश्वरदादाचे आशीर्वाद. नको असतील तर परत पाठवू नकोस, घरात आधीच जागा कमी आहे.

फोन तू उचलत नाहीस. दुसऱ्याच्या फोनवरून केला तर माझा आवाज ओळखून ठेवून देतोस. पत्राला ब्लॉक करायची सोय पोस्टखात्याने अजून केलेली नाही, म्हणून हा प्राचीन मार्ग. भिलाईच्या वर्कशॉपचा पत्ता तुमसरच्या एका माणसाने दिला. त्याचं नाव सांगत नाही, तू त्याला बोलशील.

वरचं मंगलाचरण सावकाश वाच. दहावीला संस्कृतात तू पस्तीस मार्कांवर काठावरून पार पडलास, ते काही मी विसरलेलो नाही. अर्थ लागला नाही तर कोणा जाणत्याला विचार. पुण्य लागतं.

बाकी क्षेम. धान कापून झालं, कडपा अजून शेतात बांधीतच पडल्या आहेत. आई बरी. तू गेलास तेव्हा रांगणारी माझी रुपा आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे.

काम असं आहे. बाबांचा उस्तरा तुला आठवत असेल. (मी 'वस्तरा' लिहिलं होतं. रुपा म्हणाली, आजी 'उस्तरा' म्हणते. आजीचं खरं.) आजोबांना नाकाडोंगरीकडच्या खाणीतल्या साहेबाने जाताना दिलेला, शेफिल्डचा, काळ्या शिंगाच्या मुठीचा. मुठीच्या दोन पट्ट्या आणि मध्ये पातं. पातं ज्या खिळीवर फिरतं ती तुटल्यापासून बाबा तिथे दोरा आवळून काम भागवत होते. आता दोरा कुजला. दुसऱ्या टोकाला पाचर धरून ठेवणारी खीळ आहे, तीही खुळखुळते. पातं मिटलं की मधोमध बसत नाही, शिंगाला घासतं आणि धार मरते. दोन्ही खिळी बदलायच्या आहेत.

भंडाऱ्याला जाऊन फिरलो. ज्या गावाचं नाव भांड्यांवरून पडलं असं आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो, तिथे पितळेचा हंडा मिळतो, घागर मिळते, आणि सुईहून थोडी जाड अशी पितळी खीळ मिळत नाही. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, येवढं पितळ तं आमी झाडून फेकतो."

तू टर्नर माणूस. तुझ्या लेथखालीही असंच पडत असेल. खिळी पाठव, आणि डोक्याखाली घालायला बारीक चकत्या. उत्तर लिहू नकोस, तुला त्रास होईल. फक्त खिळी पाठव.

आई म्हणते, "आशीर्वाद लिव, बाकी काई लिवू नको." लिहिला.

इश्वर


शाळेतून, २२ नोव्हेंबर

प्रविण,

हे पत्र रुपाने वाचलेलं नाही, म्हणून आईनेही ऐकलेलं नाही. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात लिहितो आहे. शेजारी गणिताचे सर डबा खाता खाता माझ्या कागदाकडे बघताहेत. त्यांना वाटतं, मी बदलीचा अर्ज लिहितो आहे.

मागचं पत्र पाकिटात जाण्याआधी आईने रुपाकडून मोठ्याने वाचून घेतलं. तुला जाणाऱ्या पत्रासाठी तिने तो नियमच केला आहे. म्हणाली, "बापाच्या बिमारीचं लिवून पोराले बोलवाचं नाही. यायचं असन तं आपल्या मनानं येईन. खाट दाखवून बोलावलेला पोरगा खाट पाहाले येते, बापाले नाही." मी वाद घातला नाही. आईशी वाद घालून जिंकलेला माणूस आपल्या घराण्यात अजून जन्माला यायचा आहे. मी फक्त जे लिहायचं ते संस्कृतात लिहिलं.

रुपाने ते छान खणखणीत वाचलं. संस्कृतच्या मास्तराच्या पोरीला संस्कृताचं एक अक्षर येत नाही, याचा मला त्या दिवशी प्रथमच आनंद झाला. आईने हात जोडले आणि म्हणाली, "बरं केलं. सुरवातीले देवाचं नाव पाहिजेच."

तुलाही तो देवच वाटला असेल, म्हणून आता मराठीत सांगतो. दसऱ्याच्या आधी बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी थोडे दिवस ठेवून घरी पाठवलं. म्हणाले, "आता सेवा करा." वाक्य आज्ञार्थी होतं. त्यात भविष्यकाळ नाही, हे मला तिथेच कळलं.

बाबा एकच खूण करतात. डाव्या हाताचं बोट नाकाखाली ओठावर ठेवतात आणि आडवं फिरवतात. पाणी दिलं, नको. पेज दिली, नको. रुमालाने तोंड पुसलं तर हात झटकला. शेवटी आईला वाटलं, दाढी करा म्हणतात. गावातल्या बाबूलालला बोलावलं. त्याने नवं ब्लेड घातलेला त्याचा उस्तरा काढला, तशी बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बाबूलाल म्हणाला, "काकाजी, नवीन पत्ती हाय, तुमच्या समोर फोडली!" काकाजी वळले नाहीत. मग रुपाने फडताळातून त्यांचा मोडका उस्तरा आणून हातात दिला, तो त्यांनी छातीशी धरला आणि पुन्हा ओठावर बोट.

म्हणून खिळी. दाढी त्यांनी जन्मभर त्याच उस्तऱ्याने स्वतःच्या हाताने केली आहे. आता ती मला करायची आहे, आणि माझ्या हाताला खडूशिवाय कशाची सवय नाही, हे तुला ठाऊक आहे.

आता त्या मंडईच्या दिवसाचं. घरात तो विषय आम्ही कधी उच्चारला नाही, आणि उच्चारली नाही की गोष्टीचे पाठभेद होतात. माझ्याकडचा पाठ असा. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा भरली होती, आपल्या गावची दंडार उभी राहायची होती आणि राणीचं सोंग घेणारा माणूस तापाने पडला. तू म्हणालास, मी होतो राणी. राणीला मिशी असून चालत नाही, म्हणून तू बाबांचा उस्तरा घेऊन विहिरीजवळ बसलास. बाप असेपर्यंत पोराने मिशी काढायची नाही, ती बाप गेल्यावरच उतरते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तुलाही होतंच. तुला वाटलं, नाटकासाठी चालेल. बाबा बांधीवरून आले आणि तुझा गुळगुळीत ओठ पाहिला. उस्तरा हिसकून दगडावर फेकला. म्हणाले, "बाप जित्ता असताना मिशी काढली? मंग मेलो मी. जा, माही तेरवी जेवून ये."

संध्याकाळी तू लुगडं नेसून उभा राहिलास, सोंग पुरं केलंस, लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. सकाळी तू घरात नव्हतास. खीळ तुटली ती त्या दगडावर. बाबांनी ती कोणाला दुरुस्त करू दिली नाही. दोरा आवळायचे आणि दाढी करायचे.

तुझ्या पाठात काही वेगळं असेल तर कळव. मी दोन्ही पाठ ग्राह्य धरीन.

घंटा झाली.

इश्वर


मोहाडी, १ डिसेंबर, रविवार

प्रविण,

पाकीट पोचलं. आत चिठ्ठी नाही. मी ते फाडून पसरलं, उजेडासमोर धरलं. रुपा म्हणाली, "बाबा, एक्स-रे काढायचा का?" हिंदी वर्तमानपत्राच्या तुकड्यात चार पितळी खिळी आणि चिमूटभर चकत्या, मसुरीच्या डाळीएवढ्या, पोटाशी खोलगट. खिळींची टोकं घासून गोल केलेली. पाठवणाऱ्याचं नाव नाही.

आईने एक खीळ तळहातावर घेतली. "त्याच्या हातची हाय?"

"शिक्का भिलाईचा आहे."

"मी शिक्का नाही इचारला."

मी हो म्हणालो. तिने ती परत दिली आणि हात पदराला पुसला नाही.

आता दुरुस्तीचा वृत्तान्त ऐक आणि हस. तुझ्यासारख्या कारागिराला हसायला एवढं पुरेल. पाचरीकडच्या जुन्या खिळीचं डोकं कानशीने घासलं, बारीक खिळ्याने ठोकून ती बाहेर काढली. इथवर मी विश्वकर्मा होतो. मग लोखंडी खलबत्ता उलटा घालून ऐरण केली, पट्ट्यांमध्ये पातं बसवलं, चकती, खीळ, पलीकडून चकती. डोकं कडेकडेने हलके टोले घालून पसरवायचं असतं, पावसाळ्यातल्या अळंबीच्या सात्या छत्री उघडतात तसं. मी मधोमध एक सणसणीत टोला घातला. खीळ आत वाकली आणि शिंगाला केसाएवढी चीर गेली. दुसरी अशी घट्ट बसली की पातं उघडेना. बाबूलाल आला होता, म्हणाला, "गुरुजी, हा उस्तरा आता कोनाचंच काई कापत नाही. अहिंसावादी झाला." ती कापून काढावी लागली. तिसरी मी पाचरीच्या टोकाला लावली, ती झकास बसली. या यशाने हुरळलो, आणि चौथी हातातून घरंगळून मोरीत गेली. मोरीने ती स्वीकारली.

म्हणजे पातं जिच्यावर फिरतं, तीच खीळ उरली नाही. शेवटी देवघरातल्या लामणदिव्याच्या साखळीची एक कडी काढून सरळ केली आणि तीच ठोकली. पितळ जुनं, मऊ. बसली आहे. पातं सोडाल तिथे थांबतं. म्हणजे बहुतेक वेळा थांबतं.

ठोकताना एक गंमत झाली. स्तोत्राआधी आपण विनियोग म्हणतो: ऋषी, छंद, देवता, बीज, शक्ती आणि कीलक. वर्गात मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो, कीलक म्हणजे मंत्राला ठोकलेली खीळ, ती निघाल्याशिवाय मंत्र उघडत नाही. पोरं लिहून घेतात. आज हातोडी हातात असताना कळलं की मी ते पाठ करून सांगत होतो. खीळ आवळली तर उघडत नाही, आणि सैल सोडली तर आपल्याच बोटावर येते. मधलं जे काय आहे ते मला ना खिळीत जमलं, ना आपल्या घरात. बाबांना समजवायला गेलो की तुला दुखायचं, तुझी बाजू घेतली की ते जेवायचे नाहीत.

चार खिळी तू पाठवल्यास, एक कामी आली. तरी उपकार आहेत. पुढच्या वेळी खिळींबरोबर हातही पाठव.

इश्वर


मोहाडी, १५ डिसेंबर

प्रविण,

आज बाबांची दाढी केली.

कमरेच्या जुन्या पट्ट्यावर उस्तरा पाजवला. ओसरीत उन्हात खाट ओढली, आईने डोक्यामागे उशी धरली, रुपाने साबणाचा फेस केला. बाबूलाल बघायला उभा राहिला. "गुरुजी, हा खडू नाही ना जी, असा नका धरू. गाल ताना. ताना ना! काकाजीले काई होत नाही, तुमीच भेऊन राहिले." भीत होतोच. लकव्याच्या बाजूचा गाल आपला आपण ताणला जात नाही, तो चिमटीत धरून ताणावा लागतो. बापाचा गाल असा ओढायची वेळ येईल असं कोणत्या शास्त्रात लिहिलेलं नाही.

गाल झाले, हनुवटी झाली, गळा झाला. रक्त एका जागीच. मी मिशी कात्रीने सारखी करायला घेतली, तर बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. त्या हातात अजून एवढा जोर आहे हे मला माहीत नव्हतं. उस्तरा धरलेला माझा दुसरा हात त्यांनी ओठाकडे ओढला आणि नाकाखाली बोट आडवं फिरवलं. तीच खूण. दोन महिने होऊन गेले, आम्ही पाणी आणि पेज पुढे करत होतो.

मी म्हणालो, "बाबा, मिशी?"

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

"अहो, मिशी कशी काढायची?" संस्कृतच्या मास्तराला सुचलेलं वाक्य हे एवढंच.

आई उशी धरून उभी होती. म्हणाली, "काढ. यायच्या बापाले जाऊन जमाना झाला. यायले कोनाची मनाई हाय?"

"पण कशासाठी?"

"काढून राहिला का मी येऊ?"

काढली. पन्नासएक वर्षांची मिशी फेसासकट रुपाच्या हातातल्या वाटीत पडली. ओठावर ऊन न लागलेली पांढरी पट्टी निघाली. आईने पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि हसली. दसऱ्यापासून पहिल्यांदा. "अगाई! हा तं प्रविनच! मंडईतली रानी!"

बाबा हसले. डावीकडून हसले, उजवीकडचं तोंड तसंच राहिलं. मग बोट ओठावरून काढून त्यांनी दाराकडे केलं आणि तसंच धरून ठेवलं. हात थकून खाली आला तरी डोळे दाराकडेच. रुपाने मोबाईल काढला, काकाला फोटो पाठवते म्हणाली, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. फोटो नको आहे. तो ओठ त्यांना तुला समोर बसवून दाखवायचा आहे.

जेवण झाल्यावर आई म्हणाली, "आता लिव त्याले. सरळ लिव. मंतरात नको लिवू."

"कसला मंत्र?"

"पक्षाघात मले समजत नाही का? डाक्टरच्या तोंडून कितीक डाव आयकला तो सबद."

"मग हात कशाला जोडले?"

"लागू पडावा मनून जोडले."

मी सरळ लिहितो. ये.

इश्वर


मोहाडी, ९ जानेवारी

प्रविण,

तू आला नाहीस म्हणून गेल्या आठवड्यात मीच भिलाईला येऊन गेलो. भिलाई काही विलायत नाही. तुमसर रोडला गाडीत बसलं की पोटातली पोळी जिरायच्या आत उतरायचं. एवढ्याशा अंतराला आपण किती वर्षं लावली.

वर्कशॉपच्या फाटकावर चौकीदार होता. मी म्हणालो, प्रविणला भेटायचं आहे, मोहाडीहून आलोय. त्याने विचारलं, "कौन प्रवीण? वो मूँछवाले भैया?"

मी म्हणालो, माहीत नाही.

"अरे, बड़ी-बड़ी मूँछ है उनकी। सब चिढ़ाते हैं, अब तो मुंडवा लो, फैशन गया। कहते हैं, नहीं, अभी हमारे पिताजी ज़िंदा हैं।"

मला तिथे स्टूल दिलं. पाणीही दिलं. तू साहेबांबरोबर बाहेरगावी कामावर गेला होतास, केव्हा परतणार ते कोणाला ठाऊक नव्हतं. की आतच होतास आणि त्यांना तसं सांगायला लावलंस? ठाऊक नाही, आणि तपास करत नाही. गाडीच्या वेळेपर्यंत बसलो, निरोप ठेवला आणि आलो. येताना गाडीत शेजारच्या बाईने विचारलं, भैया, तबियत ठीक नहीं है क्या? मी म्हणालो, सर्दी आहे.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "दोघंबी एकाच मातीचे. एकानं ठेवली, एकानं काढली. दोघायलेबी एकमेकांचं माईत नाही." मग बाबांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, "आयकलं का? पोरानं मिशी ठेवली हाय! तुमच्यासाठी!" बाबांनी ऐकलं. डोळ्यांतून पाणी आलं, दोन्ही डोळ्यांतून, उजव्यातूनही. मला वाटलं, आता उस्तऱ्याचं काम संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओठावर बोट.

तेव्हापासून रोज तेच चाललं आहे. मिशी ही गोष्ट अशी आहे की काढली तरी थांबत नाही, आणि बाबांना ती तू येशील त्या घडीला असलेली चालत नाही. आता गिळणंही जड झालं आहे. पेजेचा चमचा आत जातो तेव्हा आई देवाचं नाव घेते आणि बाहेर येतो तेव्हा माझं. पण ओठावरचं बोट चुकत नाही. मी रोज उस्तरा उघडतो आणि रोज ती खीळ थोडी सैल लागते. पाचरीकडची तुझ्या हातची आहे, ती जराही हललेली नाही. पात्याची माझ्या हातची. लामणदिव्याचं पितळ किती दिवस धरणार? काल पातं मिटताना शिंगाला घासल्याचा आवाज आला. बाबांनीही ऐकला असावा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी शाळेतली एक गंमत सांगू लागलो.

खीळ बदलायला मला पुन्हा पाकीट नको. ती तू इथे, ओसरीत, बाबांच्या खाटेजवळ बसून ठोक. खलबत्ता मी धरीन. मधोमध टोला घालू नकोस एवढंच सांगेन, कारण तेवढाच एक उपदेश मी अनुभवाने देऊ शकतो.

आता घरात मिशी माझ्या एकट्याचीच आहे. बाबूलाल म्हणतो, गुरुजी, तुमाले शोभत नाही. शोभत नाहीच. पण ती तशीच आहे, रोज सकाळी बाबांचं झाल्यावर मी आरशात बघून घेतो.

तू ये. माझ्या ओठावर ती दिसते आहे तोवर ये.

इश्वर